अनुभव धागा : रेबीज, प्रवास आणि आधी घेतलेली लस

धागा मांडताना

प्रवासापूर्वीच्या लसीकरणाचा सल्ला देणाऱ्या दवाखान्यात मी बरीच वर्षे डॉक्टर म्हणून काम करते. पीतज्वर किंवा विषमज्वराच्या लसीबद्दल प्रवासी स्वतःहून विचारतात. रेबीजचा विषय काढला, की बहुतेकांचे उत्तर एकच असते : कुत्रा चावलाच तर तेव्हा बघू. चावल्यानंतरच्या उपचाराने हा रोग जवळजवळ निश्चितपणे टाळता येतो, त्यामुळे हे उत्तर वरवर योग्य वाटते. पण तो उपचार वेळेत आणि पूर्ण मिळावा लागतो, आणि जिथे चावा होण्याची शक्यता अधिक असते, नेमक्या त्याच भागांत तो पूर्ण मिळणे अवघड असते.

जगभरात दरवर्षी सुमारे ५९,००० माणसे रेबीजने मरतात, असा जागतिक आरोग्य संघटनेने स्वीकारलेला अंदाज आहे. माणसाला होणाऱ्या रेबीजपैकी सुमारे ९९ टक्के कुत्र्यांमुळे होतो. एकदा लक्षणे सुरू झाली, की वाचलेल्यांची उदाहरणे हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी आहेत. ज्यांना प्रवासात, कामावर किंवा घरात या प्रश्नाला सामोरे जावे लागले, त्यांनी आपले अनुभव येथे सविस्तर लिहावेत, ही विनंती. कोणत्याही दवाखान्याचे किंवा व्यक्तीचे नाव लिहू नये.

लांब पल्ल्याचा सायकलस्वार

मी सामान बांधून महिनोन्‌महिने सायकलने फिरतो. सायकलमागे धावणारी कुत्री ही आम्हा सर्वांची नेहमीची अडचण आहे, म्हणून निघण्यापूर्वी मी रेबीजची लस घेतली होती. आता त्यासाठी एक आठवड्याच्या अंतराने दोन मात्रा पुरतात. जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ साली ही शिफारस केली, त्यापूर्वी तीन मात्रा द्याव्या लागत.

एका उजाड रस्त्यावर कुत्र्याने पोटरीला चावा घेतला आणि रक्त आले. जवळ साबण होता, पाण्याच्या बाटल्या होत्या. जखम निदान पंधरा मिनिटे साबण लावून वाहत्या पाण्याखाली धुवावी, हे मला पाठ होते. पंधरा मिनिटे हा काळ प्रत्यक्षात फार मोठा वाटतो. दोन मिनिटांतच आपल्याला पुरेसे झाले असे वाटू लागते. मी घड्याळ लावून धूत राहिलो आणि नंतर आयोडीन लावले. हा विषाणू साबणाने निष्क्रिय होतो, त्यामुळे हे धुणे हा उपचाराचाच पहिला भाग आहे.

दुसऱ्या दिवशी एका लहान गावातल्या आरोग्य केंद्रात पोहोचलो. तेथे लस होती, पण इम्युनोग्लोब्युलिन (विषाणूशी लढणाऱ्या तयार प्रथिनांचे, म्हणजे प्रतिपिंडांचे औषध) नव्हते. मला त्याची गरजही नव्हती. आधी लस घेतलेल्या निरोगी माणसाला चाव्यानंतर फक्त दोन मात्रा लागतात, एक लगेच आणि दुसरी तीन दिवसांनी. आधी लस घेतली म्हणून चाव्यानंतर काहीच करायचे नाही, असा समज मी अनेक सहप्रवाशांकडून ऐकला आहे; तो पूर्णपणे चुकीचा आहे.

माकडाचा ओरखडा झालेली प्रवासी

वरचा अनुभव वाचला आणि माझ्या अनुभवातला फरक किती मोठा आहे, ते जाणवले. आमचा प्रवास अगदी कमी दिवसांत ठरला होता आणि मला आधी लस मिळालेली नव्हती. एका देवळाच्या पायऱ्यांवर माकडाने खांद्यावरची पिशवी ओढली आणि त्या झटापटीत माझ्या दंडावर खोल ओरखडा उठून रक्त आले. डॉक्टरांनी ही तिसऱ्या, म्हणजे सर्वांत गंभीर श्रेणीची जखम असल्याचे सांगितले. कातडी भेदणारा कोणताही चावा किंवा रक्त येणारा ओरखडा या श्रेणीत येतो, आणि तेव्हा लसीसोबत जखमेत इम्युनोग्लोब्युलिनही द्यावे लागते.

त्याचे कारण डॉक्टरांनी शांतपणे समजावले, म्हणून मी तेही लिहिते. लस मिळाल्यावर शरीराला स्वतःची प्रतिपिंडे तयार करायला साधारण सात ते दहा दिवस लागतात. तेवढ्या दिवसांत विषाणूने मज्जातंतूत शिरू नये, यासाठी तयार प्रतिपिंडे थेट जखमेत आणि तिच्याभोवती टोचावी लागतात. मानवी रक्तापासून बनवलेले औषध वजनाच्या दर किलोमागे २० एककांपर्यंत आणि घोड्याच्या रक्तापासून बनवलेले ४० एककांपर्यंत देतात. लसीच्या पहिल्या मात्रेला सात दिवस उलटून गेल्यावर ते देण्यात अर्थ उरत नाही, कारण तोवर शरीराची स्वतःची प्रतिपिंडे तयार होऊ लागलेली असतात.

लस त्या गावात त्याच संध्याकाळी मिळाली. इम्युनोग्लोब्युलिन मात्र तेथे नव्हते, जिल्ह्याच्या ठिकाणी नव्हते आणि पुढच्या मोठ्या शहरातल्या पहिल्या रुग्णालयातही नव्हते. आम्ही उरलेला प्रवास सोडून दिला, विमानाची तिकिटे बदलली आणि दुसऱ्या देशात जाऊन ते घेतले. उपचार मुदतीत झाला आणि मी बरी आहे. पण तोपर्यंतच्या रात्री मी झोपू शकले नाही. दर वेळी मुंग्या आल्यावर, दर वेळी ठणका उठल्यावर हेच ते लक्षण असेल का, असे वाटत राहिले. आधी घेतलेल्या दोन मात्रांनी ही संपूर्ण धावपळ अनावश्यक ठरली असती, हे मी आता भेटेल त्या प्रत्येक प्रवाशाला सांगते.

लसीकरण कक्षातील परिचारिका

आमच्याकडे येणारे वयस्कर रुग्ण अजूनही पोटातल्या चौदा इंजेक्शनांविषयी विचारतात आणि त्या भीतीपोटी काही जण यायचेच टाळतात. ती प्राण्यांच्या मेंदूच्या ऊतीपासून बनवलेली जुनी लस होती. तिचा वापर थांबवावा, असे जागतिक आरोग्य संघटना १९८४ सालापासून सांगत आली. आजची लस पेशीसंवर्धनातून, म्हणजे प्रयोगशाळेत वाढवलेल्या पेशींमध्ये तयार होते आणि दंडात, लहान मुलांना मांडीत, किंवा अगदी थोड्या प्रमाणात त्वचेत दिली जाते. कुल्ल्यात ती देऊ नये, कारण तेथे तिचा परिणाम कमी होतो.

रेबीजची लस प्रथम बनवणारे फ्रेंच शास्त्रज्ञ लुई पाश्चर यांनी ६ जुलै १८८५ रोजी नऊ वर्षांच्या जोसेफ मायस्टर या मुलाला पहिली टोचणी दिली, तेव्हा रेबीज झालेल्या सशांचे मज्जारज्जू वाळवून दुर्बल केलेला विषाणू हेच एकमेव साधन त्यांच्या हाती होते. तिथून आपण इतके पुढे आलो असताना केवळ जुन्या धास्तीमुळे कोणी उपचाराविना राहावे, याचे मला मनापासून दुःख होते. गरोदर स्त्रीलाही ही लस देता येते आणि दिलीच पाहिजे.

ज्यांनी घरातला माणूस गमावला

माझ्या काकांना एका लहान पिल्लाचा दात लागला होता. पिल्लू गोजिरवाणे होते, जखम टाचणीच्या टोकाएवढी होती, आणि पिल्लाला कसला रेबीज, असेच आजूबाजूच्या सर्वांना वाटले. जखम भरून आली आणि विषय विसरला गेला. काही महिन्यांनी त्याच जागी त्यांना मुंग्या येऊ लागल्या, खाज सुटू लागली. मग ताप आला, अस्वस्थता आली. एका सकाळी पाण्याचा पेला ओठांशी नेताच त्यांचा घसा आवळला गेला. नंतर पंख्याचा वाराही त्यांना सहन होईना. मधल्या काळात ते पूर्ण शुद्धीवर असत, आम्हाला ओळखत आणि घाबरून आमचे हात घट्ट धरत. ही शुद्ध शाबूत असणे बघणाऱ्यांना सर्वांत असह्य होते.

डॉक्टरांनी नंतर सांगितले, की हा विषाणू चाव्याच्या जागेपासून मज्जातंतूंमधून मेंदूकडे सरकत जातो आणि त्याला सहसा दोन ते तीन महिने लागतात. कधी आठवडाभरच लागतो, तर कधी वर्षही उलटते. म्हणजे उपचाराला वाव होता. म्हणूनच माझे सर्वांना कळकळीचे सांगणे आहे, की चावा होऊन आठवडे लोटले असतील, तरीही आता काय उपयोग असे म्हणून थांबू नका. लक्षणे सुरू होण्यापूर्वी कधीही लस सुरू करता येते.

वटवाघळांचा अभ्यासक

कुत्र्यांमधला रेबीज जेथून नाहीसा झाला आहे, त्या देशांतही आम्हाला लस घेतल्याशिवाय काम करू देत नाहीत. अमेरिका खंडांत वटवाघळांमार्फत माणसांना रेबीज होतो. ऑस्ट्रेलियात रेबीजच्या विषाणूशी जवळचे नाते असलेला वटवाघळांतला विषाणू १९९६ साली सापडला, आणि त्यानेही माणसे दगावली आहेत. त्याच्याविरुद्ध रेबीजचीच लस वापरतात. वटवाघळाचे दात इतके बारीक असतात, की चाव्याची खूण अनेकदा दिसतही नाही. त्यामुळे झोपलेल्या माणसाच्या किंवा तान्ह्या बाळाच्या खोलीत वटवाघूळ आढळले, तर खूण न शोधता डॉक्टरांचा सल्ला घ्यावा.

आमच्या गटात ठरावीक काळाने प्रतिपिंडांची रक्ततपासणी होते आणि प्रमाण दर मिलिलिटरला ०.५ एककांच्या खाली गेले, तर आणखी एक मात्रा दिली जाते. साध्या प्रवाशाला अशा तपासणीची गरज नसते.

पशुवैद्यकाची विद्यार्थिनी

पिसाळलेला प्राणी म्हणजे लाळ गाळत अंगावर धावून येणारा कुत्रा, हे चित्र आमच्या पहिल्याच प्रात्यक्षिकात पुसले गेले. एक गाय काही गिळू शकत नव्हती. घशात काहीतरी अडकले असावे, असे समजून मालकाने आमच्या आधी तिच्या तोंडात हात घालून पाहिले होते. तो स्नायू लुळे पाडणारा रेबीजचा प्रकार निघाला. आम्हा सर्वांचे लसीकरण आधीच झालेले असल्यामुळे आमचे दोन मात्रांत निभावले. मालकाच्या हातावर मात्र ताज्या खरचटण्याच्या खुणा होत्या, म्हणून त्याला लस आणि इम्युनोग्लोब्युलिन असा पूर्ण उपचार घ्यावा लागला. पशुपालकांनाही जोखमीच्या गटात धरून आधीच लस मिळावी, असे मला फार वाटते.

दोन मुलांचे वडील

रेबीजच्या बळींपैकी सुमारे ४० टक्के पंधरा वर्षांखालील मुले असतात. मुले प्राण्यांच्या उंचीची असतात, त्यामुळे चावे चेहऱ्यावर आणि मानेवर होतात, आणि रागावतील या भीतीने ती घरी सांगत नाहीत. आम्ही परदेशी राहायला जाण्यापूर्वी दोन्ही मुलांना लस दिली आणि एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगितली : कुत्र्या-मांजराने चावले, ओरबाडले किंवा जखमेवर चाटले, तर लगेच सांगायचे, कोणी रागावणार नाही. पुढे मुलीच्या खरचटलेल्या गुडघ्यावर रस्त्यावरच्या कुत्र्याने चाटले, तेव्हा ती धावत येऊन सांगू शकली. अखंड कातडीवर चाटणे निर्धोक असते. फाटलेल्या कातडीवर लाळ लागणे ही तिसरी श्रेणी धरतात, हे आम्हाला त्या वेळी समजले.

प्रत्यारोपण झालेला वाचक

प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे मी घेतो. माझ्यासारख्यांना दोन मात्रांवर विसंबता येत नाही. मला तिसरी मात्रा देऊन रक्ततपासणीही केली आणि चावा झालाच, तर आधीच्या लसीवर भिस्त न ठेवता इम्युनोग्लोब्युलिनसह पूर्ण उपचार घ्यायचा, असे लेखी सांगितले आहे. आपल्या आजाराची माहिती डॉक्टरांना आधी द्यावी.

प्रश्न : कुत्र्यावर दहा दिवस लक्ष ठेवले, तर लस टाळता येते का?

(धागा मांडणारीचे उत्तर) लस लगेच सुरू करावी आणि लक्ष सोबतच ठेवावे. दहा दिवस कुत्रा किंवा मांजर ठणठणीत राहिले, तर उरलेल्या मात्रा डॉक्टरांच्या सल्ल्याने थांबवता येतात. हा नियम माकड, वटवाघूळ, कोल्हा किंवा मुंगूस यांना लागू नाही. शिवाय प्रवासी दहा दिवसांनी त्या गल्लीत परत जाऊन तोच कुत्रा शोधू शकत नाही, त्यामुळे त्याने उपचार पूर्ण करणेच योग्य.

अर्ध्या उपचारात देश बदललेली प्रवासी

पहिल्या मात्रा एका देशात आणि पुढच्या दुसऱ्या देशात घ्याव्या लागल्या, तर सगळे पुन्हा सुरू करावे लागेल का, या काळजीत मी होते. दुसऱ्या डॉक्टरांनी कागद पाहून उरलेल्या मात्रा वेगळ्या कंपनीच्या लसीने पूर्ण केल्या. नाइलाज असल्यास कंपनी बदललेली चालते आणि एखादी मात्रा उशिरा झाली, तरी आधीच्या वाया जात नाहीत. त्यांना फक्त लसीचे नाव, प्रत्येक मात्रेची तारीख, ती स्नायूत दिली की त्वचेत, आणि इम्युनोग्लोब्युलिन दिले होते का, एवढे हवे होते. पहिल्या दवाखान्यातून हे लिहून, शिक्का मारून घ्यावे आणि कागदाचा फोटो फोनमध्ये ठेवावा.