महिना हजार-दोन हजार, आणि मधल्यामध्ये कापलं जाणारं : तुमचे अनुभव लिहा

लाखांच्या गुंतवणुकीवर बोलणारे पुष्कळ आहेत. इथे महिन्याला पाचशे ते पाच हजार बाजूला टाकणाऱ्यांनी लिहावं. कशात टाकता ते सांगाच, पण त्यातून कापलं काय जातं हे मला जास्त हवंय. बाजार आपल्या हातात नाही, खर्च मात्र थोडाफार हातात आहे.

माझा हिशेब असा. दरमहा २,००० रुपये, २० वर्षं, म्हणजे खिशातून ४ लाख ८० हजार. वर्षाला १२ टक्के धरले (धरायला काय जातं!) तर साधारण १९ लाख ९८ हजार होतात, ११ धरले तर १७ लाख ४७ हजार. खर्चात गेलेल्या एका टक्क्यापायी अडीच लाख गेले, भरलेल्या रकमेच्या निम्म्याहून जास्त! त्याचं बिल कधी येत नाही, कारण म्युच्युअल फंडाचा खर्च वजा होऊनच रोजची एनएव्ही, म्हणजे एका युनिटचा भाव, लागते.

फंडांची नावं सुचवू नका, प्लीज. मग धागा तिकडेच जातो.

कृष्णाकाठ (सांगली)
मी शाळेत शिकवते. पगार खातं असलेल्या बँकेतच एसआयपी (दरमहा ठरलेली रक्कम खात्यातून फंडात) सुरू झाली. "मॅडम, इथे सही" म्हणाले, केली. अनेक वर्षांनी स्टाफरूममध्ये गणिताच्या सरांनी विचारलं, रेग्युलर की डायरेक्ट? मला दोन प्रकार असतात हेच माहीत नव्हतं. डायरेक्ट प्लॅन जानेवारी २०१३ पासून आहेत. फंड तोच, मॅनेजर तोच, शेअर तेच, फक्त मधल्याचं कमिशन नाही. माझ्या फंडात रेग्युलरचा खर्च १.९ टक्के होता, डायरेक्टचा ०.८. सहामाही एकत्रित पत्रकात मध्यस्थाला किती कमिशन गेलं ते रुपयांत छापलेलं असतं. आपण ते पान उलटतो.

सर म्हणाले, घाईने सगळं हलवू नका. रेग्युलरमधून डायरेक्टमध्ये जाणं म्हणजे कायद्याने विकून पुन्हा घेणं. वर्षाच्या आतल्या युनिट्सवर एक्झिट लोड, म्हणजे लवकर काढल्याचा आकार, लागू शकतो आणि कर वेगळा. म्हणून जुनी एसआयपी थांबवली, नवी डायरेक्टमध्ये सुरू केली. जुनी युनिट्स थोडी थोडी काढतेय. शेअरवाल्या फंडात वर्षभराहून जुन्या युनिट्सचा नफा एका आर्थिक वर्षात सव्वा लाखाच्या आत असला की कर नाही, वर गेला की वरच्या रकमेवर साडेबारा टक्के. माझ्यासारखीला सव्वा लाख पुष्कळ झाला.

लालपरी (छ. संभाजीनगर)
ताई, तुमचं गणित बरोबर, पण दुसरी बाजू मांडतो. एसटीतून निवृत्त झालोय. फेब्रुवारी २०२० मध्ये १२ हजारांच्या वर असलेला निफ्टी (शेअर बाजाराचा निर्देशांक) घसरत २३ मार्चला ७,६१० वर बंद झाला. मी फॉर्म भरून तयार होतो, सगळं काढा म्हणून. आमचा एजंट गल्लीतलाच पोरगा. फोनवर अर्धा तास बसला, "काका, दिवाळीपर्यंत थांबा, मग मीच काढून देतो." दिवाळीपर्यंत निफ्टी परत १२ हजारांच्या वर होता. त्या पोराला वर्षाला मिळतं ते मला जड नाही. मन आवरणाऱ्याने खुशाल डायरेक्ट घ्यावं.

धागाकर्ती
काका, मान्य. फक्त हा अर्धा तास सगळ्यांच्या वाट्याला येत नाही. बँकेतल्या साहेबाची तर तोवर बदली झालेली असते.

खिळे-चुका (इचलकरंजी)
हार्डवेअरचं दुकान. माझा खर्च फंडाने नाही, बँकेने केला. पाचशेची एसआयपी, त्या दिवशी खात्यात पैसे नाहीत, मँडेट (हप्ता आपोआप कापायची बँकेला दिलेली परवानगी) परत. दंड ४५० अधिक जीएसटी, एकूण ५३१. पाचशेला पाचशे एकतीस! फंडवाले यावर काही लावत नाहीत, मात्र मासिक हप्ता लागोपाठ तीनदा चुकला की एसआयपी बंद होते. आता तारीख १२ ठेवलीय. आमच्याकडे उधारी दहापर्यंत येते.

वाशिष्ठी (चिपळूण)
मी शेअरवाल्या फंडांच्या वाटेला गेले नाही. पोस्टाची आरडी, तीही एजंटबाईंकडून, आणि माझ्या नावाचं पीपीएफ. बाई दर महिन्याला घरी येतात, चहा होतो, गावच्या बातम्या कळतात. त्यांचं कमिशन सरकार देतं, माझ्या व्याजातून जात नाही. पीपीएफचे पैसे ५ तारखेच्या आत भरायचे एवढं पाळते, कारण व्याज ५ तारखेपासून महिनाअखेरपर्यंतच्या सर्वांत कमी शिलकेवर मिळतं. सहा तारखेला भरलं तर त्या महिन्याचं व्याज गेलं.

फास्ट लोकल (डोंबिवली)
ईटीएफचा (शेअरसारखा बाजारात विकत मिळणारा फंड) खर्च सगळ्यात कमी म्हणून दरमहा एकेक घेत होतो. पण त्यासाठी डीमॅट, म्हणजे शेअर ठेवायचं खातं, लागतं. विकताना डीपीचे (ते खातं सांभाळणाऱ्याचे) ठरलेले रुपये जातात, शंभराचं विका की लाखाचं. शिवाय खरेदी-विक्रीच्या भावात फरक असतो तो वेगळाच. हजार रुपयांवर असे ठरलेले आकार फार बोचतात. त्यापेक्षा साधा इंडेक्स फंड (निफ्टीसारख्या निर्देशांकातलेच शेअर घेणारा), डायरेक्ट, बरा पडला. डीमॅट असेलच तर ते 'बेसिक' प्रकारचं आहे ना बघा. त्यात सप्टेंबर २०२४ पासून ४ लाखांपर्यंतच्या होल्डिंगला वार्षिक देखभाल आकार नाही.

परसातली तुळस (न्यू जर्सी)
इकडे असणाऱ्यांसाठी: भारतातला फंड कितीही स्वस्त असो, अमेरिकेचा कर-रहिवासी झालात की तो 'पीएफआयसी' (तिथल्या कर कायद्यातला परदेशी गुंतवणूक कंपन्यांचा वर्ग) गणला जातो. कर किचकट, फॉर्म किचकट, आणि तो भरून देणाऱ्या सीएची फी छोट्या गुंतवणुकीच्या नफ्याहून जास्त होऊ शकते. मी आईच्या आग्रहाखातर पुण्यात चालू ठेवलेली एसआयपी बंद केली. इथल्या इंडेक्स फंडात टाकते, खर्च वर्षाला दहा हजार डॉलरमागे तीन-चार डॉलर.

कृष्णाकाठ
@लालपरी काका, तुमच्या त्या पोराचा नंबर आमच्या सरांना पाहिजे. त्यांची स्वतःची एसआयपी त्यांनी मार्च २०२० मध्येच बंद केली होती.