हेलेसच्या तळाचे यीस्ट डुंकेलसाठी वापरावे का?

प्रश्न

म्युनिकमध्ये राहत्या इमारतीच्या तळघरात मी दोन वर्षांपासून बिअर तयार करतो. नुकतीच २० लिटर हेलेस (फिकट लागर, म्हणजे थंडीत आंबवलेली बिअर) केली आणि तिच्यासाठी डब्ल्यू-३४/७० हे कोरडे यीस्ट वापरले. बाटल्या भरून झाल्यावर फर्मेंटरच्या तळाशी दोन बोटे जाडीचा यीस्टचा मलईसारखा साका उरला, तो उकळत्या पाण्यातून काढलेल्या बरणीत भरून फ्रीजमध्ये ठेवला, त्याला आज १२ दिवस झाले. शनिवारी डुंकेल (गडद लागर) करायची आहे: जवळजवळ सगळे म्युनिक माल्ट, रंगापुरते थोडे काराफा स्पेशल हे गडद भाजलेले माल्ट आणि मूळ घनता (आंबण्यापूर्वीची) १.०५२. साका धुऊन घ्यावा की तसाच घालावा, किती घालावा आणि या डुंकेलचा साका पुढच्या हेलेसला चालेल का, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

उत्तर १

धुऊ नये. साक्यावर जी बिअर उभी असते तिच्यातील अल्कोहोल आणि आम्लता यांमुळेच जिवाणूंना आळा बसतो. ती ओतून देऊन उकळलेले पाणी घातले, तर हे संरक्षण आपणच काढून घेतो. वरची बिअर यीस्ट घालण्याच्या दिवशीच निथळावी.

प्रमाणाबाबत मात्र हात आखडता घेऊ नये. लागरसाठी दर मिलिलिटरला, दर अंश प्लेटोमागे (प्लेटो हे साखरेच्या प्रमाणाचे माप) १५ लाख पेशी धरतात. आपली घनता सुमारे १३ प्लेटो भरते, म्हणजे २० लिटरला ३९० अब्ज पेशी हव्यात. नीट बसलेल्या घट्ट साक्यात मिलिलिटरला साधारण एक अब्ज पेशी धरल्या, तर ४०० मिलिलिटर साका लागेल. वर्ट (माल्टचा न आंबलेला गोड रस) ९ अंश सेल्सिअसपर्यंत थंड करून मगच तो घालावा.

उत्तर २

वरील हिशेब मान्य आहे, पण त्यात सगळ्या पेशी जिवंत धरल्या आहेत. आपण साक्याकडे विरजणासारखे पाहतो आणि तिथेच चूक होते. विरजण रोज नव्या दुधात पडते. बरणीतले यीस्ट मात्र उपाशी असते आणि अंगातल्या साठ्यावर दिवस काढते. मी एकदा पाच आठवड्यांचा साका थेट घातला होता. तिसऱ्या दिवसापर्यंत फेस आला नाही आणि तयार डुंकेलला लोण्याचा वास राहिला, तो आठ आठवडे थंडीत ठेवूनही गेला नाही. बारा दिवस ही माझ्या मते काठावरची मुदत आहे. आधी वास घ्यावा. ताज्या पावासारखा असेल तर निर्धास्त वापरावे. सोया सॉससारखा किंवा जळक्या रबरासारखा असेल तर पेशी मरून फुटल्या आहेत असे समजून फेकून द्यावे. किण्वन संपत आले की दोन-तीन दिवस तापमान १५-१६ अंशांवर न्यावे, म्हणजे लोण्याचा वास देणारे डायअॅसिटिल यीस्ट स्वतःच शोषून घेते.

उत्तर ३

तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर राहिले. क्रम नेहमी फिकट बिअरकडून गडद आणि कडक बिअरकडे असावा. डुंकेलच्या साक्यासोबत भाजलेल्या माल्टचा रंग आणि चव हेलेसमध्ये उतरते. त्यापेक्षा तो डॉपेलबॉक या आणखी कडक लागरला द्यावा आणि तिथेच थांबावे, कारण कडक बिअरमधून निघालेले यीस्ट थकलेले असते.

तेच यीस्ट कितव्यांदा वापरतो आहोत, त्या पिढ्याही मोजाव्यात. १८८३ मध्ये एमिल ख्रिश्चन हान्सन यांनी कोपनहेगनला कार्ल्सबर्गच्या प्रयोगशाळेत एकाच पेशीपासून शुद्ध यीस्ट वाढवले, ते साक्यातून रानटी यीस्ट शिरून बिअर बिघडत होती म्हणूनच. घरी सूक्ष्मदर्शक नसेल, तर चौथ्या पिढीनंतर नवे पाकीट फोडणे मला योग्य वाटते. बरणीचे झाकण सैल ठेवायला विसरू नये, आत वायू साठतो.

प्रश्नकर्ता

सर्वांचे मनःपूर्वक आभार. झाकण घट्टच होते. उघडताना जोराचा फुस्स आवाज झाला, पण वास पावाचा आला. शनिवारी ९ अंशांवर ४५० मिलिलिटर साका घातला आणि रविवारी दुपारी वर्टवर बोटभर फिकट तपकिरी फेस होता. तापमान आता ११ अंशांवर ठेवले आहे.