मूल होऊ देण्याआधी लायकी तपासायची? तपासणार कोण?

अजिंक्यतारा_पायथा (सातारा)
कालच्या ‘परवान्याशिवाय मूल नको’ या पोस्टखाली दोन ओळी लिहून माझं मन शांत होईना, म्हणून वेगळा धागा काढतेय. पोस्ट लिहिणाऱ्या सांगलीच्या ताई शिक्षिका आहेत. त्यांचं म्हणणं असं: गाडी चालवायला परवाना लागतो, दत्तक घ्यायचं तर चौकशी होते, मग स्वतःचं मूल कुणीही कसं जन्माला घालतं? लग्न नोंदवतानाच उत्पन्न, व्यसन, मानसिक आजार तपासा आणि पात्र ठरतील त्यांनाच परवानगी द्या.

ताई, त्या चौकशीतून मी गेलेय. २०१८ साली आम्ही लेक दत्तक घेतली. पगाराच्या पावत्या, डॉक्टरांचे दाखले, ओळखीच्यांची पत्रं, सगळं दिलं. समाजसेविका घरी येणार म्हणून मी पडदे धुतले. नवरा-बायकोत भांडणं होतात का, असं त्यांनी विचारलं. मी म्हणाले, क्वचित. त्या आठवड्यात आम्ही दोघं एकमेकांशी बोलतसुद्धा नव्हतो. अहवाल चांगला आला.

लेक घरी आली आणि महिनोन् महिने रात्रभर रडायची. एका रात्री तिला खाटेवर ठेवून मी गच्चीत जाऊन बसले, कारण माझा हात उठेल अशी मलाच भीती वाटली. हे कुठल्या अहवालात आधी दिसणार होतं? मला सावरलं ते नंतरच्या भेटींनी. दोन वर्षं, दर सहा महिन्यांनी त्याच बाई यायच्या. तेव्हा मी खरं बोलायला लागले, कारण तोवर पास-नापासाची भीती गेली होती.

आणि दत्तकाची तुलना मुळातच चुकते. तिथे मूल जन्मलेलं असतं, सरकारच्या आसऱ्याला असतं. ते कुणाच्या हाती द्यायचं हे बघणं सरकारचं कामच आहे. माझी कूस भरावी की नाही हे ठरवणं त्याचं काम नाही. चंडीगडच्या सरकारी संस्थेत अत्याचार झालेल्या एका मतिमंद अनाथ मुलीला मूल हवं होतं. २००९ साली सर्वोच्च न्यायालयाने तिचा गर्भपात थांबवला आणि मूल होऊ द्यायचं की नाही हा निर्णय व्यक्तिस्वातंत्र्यात मोडतो असं सांगितलं. तुमच्या परीक्षेत ती मुलगी पहिल्याच रकान्यात नापास झाली असती.

विश्रामबाग_शाळा (सांगली)
ती पोस्ट माझी. तुमची कूस, तुमचा निर्णय, मान्य. पण त्या निर्णयाचे वळ ज्याच्या पाठीवर उठतात तो चौथीतला पोरगा माझ्या वर्गात दुसऱ्या बाकावर बसतो. बाप पिऊन पट्ट्याने मारतो. आई म्हणते, ‘बाई, तुम्ही मधी पडू नका.’ मी १०९८ ला, मुलांच्या मदतीच्या नंबरला, फोन केला, माणसं आली, बापाने हात जोडले, माणसं गेली. पुढच्या सोमवारी पोरगा शाळेत आला नाही. सतरा वर्षं शिकवतेय आणि दर वर्षी असं एखादं तरी असतंच. मार बसल्यावर धावायचं, त्यापेक्षा आधी का नाही थांबवायचं?

नकुशीचा_भाचा (खटाव)
बाई, तुमची कळकळ समजते, पण माझ्या आत्याचं नाव नकुशी. चौथी मुलगी, नको होती म्हणून नकुशी. माझ्या आजोबांची बागायत होती, विहीर होती, सुपारीचंही व्यसन नाही, पंचक्रोशीत शब्दाला मान. तुमच्या परीक्षेत ते पहिल्या नंबराने पास झाले असते. २०११ साली सातारा जिल्हा परिषदेने २८५ नकुशींची नावं बदलली. आत्याने नाही बदललं. म्हणाली, साठ वर्षं ह्या नावानं हाक ऐकली, आता दुसरं नाव कानाला कळायचं नाही. आणि म्हैसाळ आठवा. मार्च २०१७ मध्ये ओढ्याकाठी पुरलेले १९ भ्रूण सापडले. तिथं पैसे मोजून गर्भपात करायला जाणारे काय भीक मागणारे होते?

माणगंगा_७७ (आटपाडी)
सरकारी परीक्षेचं मला विचारा. माझी बायको ग्रामपंचायतीवर बिनविरोध निवडून आलेली. विरोधकांनी तिसऱ्या पोराचा जन्मदाखला काढला, दोनच मुलांच्या नियमावर बोट ठेवून १२ सप्टेंबर २००१ नंतरचं तिसरं अपत्य म्हणून तक्रार केली आणि पद गेलं. गावात पाण्याच्या टाकीचं काम तिनंच लावून धरलेलं. पोरं जास्त झाली म्हणून तिची अक्कल कमी झाली का?

कृष्णाकाठची (मिरज)
पहिली दोन काय होती?

माणगंगा_७७
मुली. त्याचा इथं काय संबंध?

कृष्णाकाठची
सगळा संबंध आहे. वर तो भाऊ नकुशीचं सांगतोय आणि तुम्ही तेच करून इथे न्याय मागताय. नियम नसता तर चौथं, पाचवंही झालं असतं. पद गेलं ते बायकोचं. मुलगा तिला हवा होता की तुम्हाला?

माणगंगा_७७
तोंड सांभाळून बोला. माझ्या दोन्ही पोरी शिकतायत, थोरली नर्सिंगला आहे. मुलगा आईला हवा होता, माझ्या आईला. बायकोला कुणी विचारलं नाही, मीही नाही विचारलं. हे तुम्ही म्हणता म्हणून नाही, खरं आहे म्हणून सांगतो. पण मग शिक्षा तिलाच का? माझं काय गेलं? पद तिचं, बाळंतपण तिचं, गावात मान खाली तिची. आणि ह्या नियमापायी लोक तिसरं पोर भावाच्या नावावर लावायला बघतात. दत्तक दिलं तरी अपात्रता टळत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१८ ला ओडिशाच्या प्रकरणात सांगितलंय.

कृष्णाकाठची
शिक्षा तिला झाली हे चूक, एवढं मानते. बाकी एक शब्दही मागे घेणार नाही.

निवृत्त_गुरुजी (वाई)
मूळ मुद्द्यावर येतो. आणीबाणीत मी नवा शिक्षक होतो. नसबंदीच्या केसेस आणा, नाहीतर पगार अडेल, असा वरून दट्ट्या होता. मी दोन केसेस आणल्या. एक भूमिहीन मजूर, दुसरा त्याचा चुलतभाऊ. वाड्यावरच्या एकालाही विचारायची माझी छाती झाली नाही. १९७६ मध्ये महाराष्ट्र विधिमंडळाने सक्तीच्या नसबंदीचं विधेयक मंजूरही केलं होतं, राष्ट्रपतींची संमती मिळाली नाही म्हणून वाचलो. बाई, तुमचा कायदा आला तर घरोघर यादी घेऊन तुम्हालाच पाठवतील. तो मजूर पुढे बारा वर्षं रस्त्यात दिसला की मी वाट बदलायचो.

विश्रामबाग_शाळा
गुरुजी, हे वाचून काल रात्री झोप लागली नाही. उत्पन्नाची अट मागे घेते, आजाराचीही. दारूची नाही घेणार, कुणी कितीही समजावलं तरी. पण तुम्ही सगळे मला ‘नको’ एवढंच सांगताय. सोमवारी वर्गात जाऊन मी काय करू ते सांगा.

आशा_कार्यकर्ती (जत)
मी सांगते. बाळ घरी आल्यावर ४२ दिवसांपर्यंत आमच्या भेटी असतात, मग तिसऱ्या महिन्यापासून पंधराव्यापर्यंत दर तीन महिन्यांनी. वजन, ताप, लस, अंगावरचं दूध, सगळं लिहून घेते. बाप मारतो का याला रकाना नाही. तरी दिसतं. चहा देताना बाईचा हात कापतो, सासू आतून कान देऊन असते. लिहू कुठं आणि सांगू कुणाला? पंधराव्या महिन्यानंतर ते घर माझ्या वहीतून जातं, मग थेट बाईंच्या वर्गात दिसतं.

अजिंक्यतारा_पायथा
मला हेच म्हणायचं होतं, माझ्याच्याने इतकं नीट झालं नाही. बाई, सोमवारी त्या पोराच्या घरी एकट्या जाऊ नका. त्या भागातल्या आशाताईंना सोबत घ्या आणि आईशी बाप कामावर असताना बोला. बाल कल्याण समितीकडे अर्ज लेखी द्या, पोच घ्या. अर्ज लिहायला मी मदत करते.

माणगंगा_७७
माझ्या बायकोचं पद गेलं ते बरोबर का चूक, यावर धागा काढणाऱ्या ताई बोलल्याच नाहीत.

अजिंक्यतारा_पायथा
चूक. पण दादा, आज घरी गेल्यावर तिला ते विचारा, जे तेव्हा विचारलं नव्हतं.