वॉचमनदादांना सापडलेला दगड

ए-203 (काकू): नमस्कार मंडळी. आपले रात्रपाळीचे वॉचमनदादा आज माझ्याकडे आठ हजार रुपये उसने मागायला आले होते. सिन्नरजवळ त्यांच्या गावी विहिरीला सुरुंग लावले, त्या मलब्यात हा दगड निघाला. कुणीतरी त्यांच्या डोक्यात भरवलंय की हा कच्चा हिरा आहे. "सर्टिफिकेटचे आठ हजार आधी भरा, दहा लाखांचं गिऱ्हाईक तयार आहे." उद्या संध्याकाळपर्यंत पैसे द्यायचे म्हणे. फोटो टाकलाय. बी-304 काका, तुमची हयात हिऱ्यात गेली, जरा बघता का?

सी-102: मी मघाशी हातात घेऊन पाहिला. लहान लिंबाएवढा आहे. जुन्या खिडकीच्या काचेवर ओढला तर चक्क ओरखडा उठला! खरा निघाला तर मुलीच्या कॉलेजची काळजी मिटेल हो त्यांची.

डी-401: हातोडीने ठोकून बघा ना. तुकोबांच्या अभंगातही ऐरणीवर घण सोसतो तोच खरा हिरा.

बी-304 (काका): हातोडी कुणीही लावू नका, हात जोडून सांगतो. अभंग माणसाच्या कसाबद्दल आहे, दगडाच्या नाही. हिरा कठीण म्हणजे त्याच्यावर सहजी ओरखडा उठत नाही. पण त्याला चार दिशांनी चीर जाते. त्या रेषेत ठोका बसला की ढलपी निघावी तसा दुभंगतो. मी नोकरीला लागलो त्या वर्षी एका पुडीतला सुंदर अठपैलू खडा टेबलाच्या कडेवरून फरशीवर पडला आणि एक कोपरा उडाला. शेठ काही बोलले नाहीत, नुसते बघत राहिले. ते मला आजही आठवतं.

बी-304 (काका): काचेचं म्हणाल तर कठीणपणाच्या 1 ते 10 च्या मापात काच साडेपाचच्या आसपास, गार म्हणजे आपली गारगोटी 7, हिरा 10. गारही काचेवर सहज रेघ काढते. त्यामुळे ओरखड्यावरून इतकंच कळलं की हा काचेचा तुकडा नाही.

सी-102: पण काका, चकाकतो किती!

बी-304 (काका): तिथेच मला शंका आली. कच्चा हिरा असा लखलखत नाही. तेलाचा हात फिरवल्यासारखी तुकतुकी असते त्याला, बरेचदा वरून धुकटलेला. कडा गोलसर, झिजल्यासारख्या. आयग्लासखाली, म्हणजे आमच्या जवाहिरांच्या भिंगाखाली, धरला की पैलूंवर इवले इवले त्रिकोण दिसतात, जणू कुणी सुईने कोरलेत. अठपैलू हिऱ्याच्या टोकाला चार बाजू मिळतात. फोटोत मोजा, टोकाला सहा आहेत आणि खालच्या अंगावर आडव्या बारीक रेघा. ही गारेची ठेवण. तरी फोटोवरून निकाल देणार नाही. त्या माणसाच्या पैशांचा प्रश्न आहे.

बी-504: माझ्या भाच्याच्या पेढीवर हिरा तपासायचं पेन आहे, ते आणू का?

बी-304 (काका): आणा, पण त्याच्यावर विसंबू नका. ते दगड उष्णता किती झपाट्याने ओढून घेतो एवढंच बघतं. मॉयसनाईट हा हिऱ्यासारखा दिसणारा वेगळाच खडा, त्यालाही बहुतेक पेनं हिराच म्हणतात. पेन राहू दे, पेढीवरचा छोटा वजनकाटा आणा.

ए-203 (काकू): काका, सिन्नरला हिरा सापडूच शकत नाही का?

बी-304 (काका): महाराष्ट्रात हिरा नाहीच असं नाही. गडचिरोलीतल्या वैरागडच्या हिऱ्याच्या खाणीचा उल्लेख आईन-ए-अकबरीत आहे. पण तिकडची जमीन वेगळी. सिन्नर म्हणजे दख्खनचा काळा कातळ, साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या आसपासचा लाव्हा. हिरा घडतो जमिनीखाली दीडशे किलोमीटर आणि त्याहून खोल. तो वर येतो किंबरलाईटसारख्या, तेवढ्या खोलातून उसळून आलेल्या खडकातून, जसा मध्य प्रदेशात पन्नाजवळ मझगवाँला किंवा आंध्रात वज्रकरूरच्या भागात. आपल्या कातळात वाफेच्या पोकळ्या राहिल्या, त्यांत पुढे पाणी झिरपून गार, स्टिलबाईट, अपोफिलाईट अशा खनिजांचे स्फटिक वाढले. विहीर खोदली की हमखास हेच निघतं.

बी-304 (काका): आणि दादांना आजच सांगा, एक रुपयाही द्यायचा नाही. 31 वर्षांत विकणाऱ्याकडून आधी पैसे मागणारा एकही खरा खरेदीदार मी पाहिला नाही. तपासायचाच असेल तर मुंबईत रत्नपरीक्षेच्या प्रयोगशाळा आहेत, दगड स्वतः नेऊन द्यायचा आणि पावती घ्यायची. उद्या सकाळी साडेसहाला दादांची पाळी संपली की गेटवर भेटू. काचेचा पेला, पाणी आणि शिवणाचा दोरा लागेल.

*(दुसऱ्या दिवशी)*

बी-304 (काका): झालं. ज्यांना यायला जमलं नाही त्यांच्यासाठी लिहितो. दगडाचं वजन 42.6 ग्रॅम. मग काट्यावर पाण्याचा पेला ठेवून काटा शून्यावर आणला. दगड दोऱ्याला बांधून पूर्ण बुडवला, तळाला किंवा काचेला टेकू दिला नाही. काट्याने 16.1 दाखवलं, म्हणजे दगडाने तेवढं पाणी बाजूला सारलं. 42.6 ला 16.1 ने भागलं की 2.65 येतं. ही गारेची घनता. हिऱ्याची 3.52 असते, त्यामुळे हिरा असता तर काट्यावर 12.1 आलं असतं. खात्रीसाठी तीनदा केलं, शेवटचा भागाकार दादांच्या मुलीने वहीवर केला.

ए-203 (काकू): दादा खूप हिरमुसले का हो?

बी-304 (काका): हो. बराच वेळ दगड मुठीत धरून बसले होते. त्यांनी कालच मित्राकडून तीन हजार घेऊन ठेवले होते, ते माझ्यासमोर परत करायला निघाले. त्या माणसाला फोन लावून "आधी प्रयोगशाळेत जाऊ" म्हटल्यावर त्याने फोन कापला, नंतर उचललाच नाही.

सी-102: बाकीच्या दोन विंगांच्या वॉचमनना आणि कामवाल्या मावशींनाही मी हे समजावून सांगते. तो माणूस अजून कुणाकडे गेला असेल.

ए-203 (काकू): आणि मुलीच्या फीचं मी सेक्रेटरींशी बोलते. उसने नकोत, सगळे मिळून भरू.

डी-401: माझे दोन हजार धरा. काका, दगडाचं काय केलं?

बी-304 (काका): मुलीकडे आहे. फुटलेली कड नाही, टोक शाबूत, आत पाण्यासारखा स्वच्छ. माझा आयग्लास तिच्याकडेच ठेवलाय, ती त्या आडव्या रेघा मोजत बसली होती. सिन्नरला माळेगाव एमआयडीसीत गारगोटी संग्रहालय आहे, तिथे तिच्या दगडाचे भाऊबंद कपाटं भरून आहेत. दिवाळीच्या सुट्टीत दोघांना घेऊन जाणार आहे. गाडीत अजून दोघांची जागा आहे.