दोन भेटींनंतर पालक येणे थांबवतात. विश्वास कसा मिळवावा?

प्रश्न : बालसमुपदेशक, माजलगाव
नमस्कार. बोलणे उशिरा आलेल्या, वाचनात मागे पडणाऱ्या किंवा वर्गात एका जागी न बसणाऱ्या मुलांसोबत मी दीड वर्षापासून काम करते आहे. मुलांशी माझे जमते, अडते ते पालकांपाशी. मागच्या महिन्यात एका वडिलांनी विचारले, "मॅडम, पोरगं नीट होईल का नाही, तेवढं सांगा." मी त्यांना चाचण्या आणि घरी करायचा सराव यांविषयी पाऊण तास समजावून सांगितले. त्यांनी मान डोलावली, पुढच्या वेळी आले आणि नंतर फोन उचलणेच बंद केले. आता दिवाळीनंतर माझ्याकडची निम्मी कुटुंबे उसतोडीला जातील आणि मुले आजीकडे राहतील. माझे कुठे चुकते आहे?

उत्तर १ : वाचा-उपचारक, परभणी
त्यांनी भीती बोलून दाखवली आणि तुम्ही माहिती दिली, असे मला वाटते. ही चूक मी स्वतः कितीतरी वर्षे केली आहे.

एकदा एक बाई मुलाच्या शाळेची डायरी प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळून घेऊन आल्या होत्या, आणि तिची पानेच्या पाने लाल शाईच्या शेऱ्यांनी भरलेली होती. मी ती न उघडता बाजूला ठेवली आणि विचारले, "हा रात्री कोणाजवळ झोपतो?" त्या क्षणभर गोंधळल्या, मग पंधरा मिनिटे थांबल्याच नाहीत. मुलाच्या चुकांचा पाढा न वाचता कोणी त्याच्याविषयी विचारण्याची त्यांची बहुधा ती पहिलीच वेळ होती. पालक आपल्यासमोर बसतात ते शाळेने, सासरच्यांनी आणि शेजाऱ्यांनी आधीच दोषी ठरवलेले असताना, त्यामुळे "तुम्ही त्याच्याशी बोलता का?" हा साधा प्रश्नही त्यांना उलटतपासणीसारखा लागतो. तोच प्रश्न "आतापर्यंत तुम्ही काय काय करून पाहिलेत?" असा विचारला, तर त्यांनी घेतलेले कष्ट आधी मोजले जातात.

एडवर्ड बोर्डिन या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९७९ मध्ये उपचारातील नात्याचे तीन धागे मांडले होते : ध्येयावर एकमत, करायच्या कामावर एकमत आणि परस्परांमधला जिव्हाळा. आपण बहुतेक जण जिव्हाळ्यावरच भर देतो, पण आपल्या भागात नाते तुटते ते कामावर. दिवस मावळेपर्यंत कापूस वेचणाऱ्या आईला वीस मिनिटांचा वेगळा सराव दिला, तर तो होणार नाही आणि लाजेने ती पुन्हा येणार नाही. मी भाकरी थापण्याच्या वेळेलाच सराव मानतो : पीठ, पाणी, तवा, गरम. हे चार शब्द पंधरवडाभर पुरतात.

उत्तर २ : एक आई, लातूर
मी पालक म्हणून लिहिते. पहिल्या ठिकाणी पाच मिनिटांत आम्हाला सांगण्यात आले की तुम्ही मोबाईल देता म्हणून असे झाले. आम्ही तिथे परत गेलो नाही. दुसऱ्या ताईंनी मात्र स्पष्ट सांगितले की हा किती बोलेल हे आज सांगता येणार नाही, तीन महिन्यांनी आपण पुन्हा बसू. त्या खरोखर बसल्या, आणि कुठे फरक पडला नाही तेही त्यांनी लपवले नाही. ज्या शहरात दहावीच्या टक्क्यांवरून घराची पत ठरते, तिथे खोटी आशा न दाखवणारे माणूस मिळणे हीच मोठी गोष्ट आहे.

उत्तर ३ : शालेय समुपदेशक, नांदेड
गोपनीयतेची मर्यादा पहिल्याच भेटीत सांगावी. मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचे कळले, तर २०१२ च्या पॉक्सो कायद्यानुसार ते पोलिसांना कळवणे आपल्यावर बंधनकारक आहे. हे आधी न सांगितल्यास पुढे पालकांना तो विश्वासघात वाटतो. दिव्यांगत्वाच्या प्रमाणपत्राचेही तसेच. अध्ययन अक्षमता (वाचन, लेखन किंवा गणित शिकण्यातली अडचण) २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातील २१ प्रकारांत येते, हे खरे. पण पालकांची तयारी होण्याआधी तो कागद पुढे केला, तर त्यांना त्यात सवलत दिसत नाही, फक्त शिक्का दिसतो.

प्रश्नकर्ती
आपणा सर्वांचे आभार. त्या वडिलांना मी उद्या फोन करणार आहे, या वेळी फक्त ऐकण्यासाठी. एक शंका उरते : आजीला लिहिता येत नसेल, तर सरावाची नोंद कशी ठेवावी?

उत्तर १ : वाचा-उपचारक, परभणी
दोन डबे आणि मूठभर चिंचोके द्या. मुलाने शब्द स्वतःहून उच्चारला की आजीने एक चिंचोका दुसऱ्या डब्यात टाकायचा. रविवारी फोन करून किती झाले ते विचारा, आणि तोच आकडा फडावर असलेल्या आईवडिलांनाही कळवा.