घरगुती कोकणी मालाची ऑनलाईन विक्री: वेबसाईट पुरेल की ॲपसुद्धा करावं लागेल?

वेंगुर्ल्याची_आगळवाली

नमस्कार मंडळी. वेंगुर्ल्याजवळ आमचं घरचं छोटं युनिट आहे, मी, सासूबाई आणि वाडीतल्या काही बायका मिळून कोकम आगळ (कोकमाचा मीठ घातलेला रस), आमसुलं, फणसपोळी, आंब्याचं साठ, मालवणी मसाला असं करतो आणि सीझनला हापूसच्या पेट्या पण पाठवतो. आत्तापर्यंत सगळं व्हॉट्सॲपवर चालतंय, म्हणजे मुंबई-पुण्याची माणसं मेसेज करतात, आम्ही जीपेचा नंबर देतो, मग पत्ता मागवायचा, मग कुरिअरची पावती पाठवायची. गणपतीच्या आधी तर नुसता गोंधळ होतो, कोणाचे पैसे आले कोणाचे राहिले कळत नाही आणि रात्री वही घेऊन बसावं लागतं.

म्हणून ऑनलाईन दुकान करायचंय. एका एजन्सीने वेबसाईट, अँड्रॉइड ॲप आणि आयफोनचं ॲप असं सगळं मिळून पावणेदोन लाख सांगितलेत, वर दरवर्षी मेंटेनन्स वेगळा. ते म्हणतात आजकाल ॲपशिवाय धंदा होत नाही. खरंच लागतं का ॲप? आणि सुरुवात कुठून करायची? आमच्यासाठी ही रक्कम छोटी नाहीये म्हणून विचारतेय.

कोडवाला_कोथरूड

ताई, ॲप अजिबात नको. तुमच्याकडे पंधरा-वीस प्रॉडक्ट आहेत, गिऱ्हाईक वर्षातून तीन-चारदा मागवणार, त्यासाठी कोणी फोनमध्ये ॲप ठेवत नाही हो. किराणा रोज लागतो, आगळ रोज लागत नाही. शिवाय ॲप म्हणजे एकदा केलं की झालं असं नसतं, ॲपलला दरवर्षी ९९ डॉलर भरायचे, गुगलला एकदाच २५ डॉलर, पण अँड्रॉइडचं नवीन व्हर्जन आलं की ॲप अपडेट करावंच लागतं, तो मेंटेनन्सचा खर्च तिथूनच येतो.

तुम्हाला पाहिजे ती मोबाईलवर पटकन उघडणारी वेबसाईट. गुगल सुद्धा आता रँकिंगसाठी, म्हणजे शोधात कुठली साईट वर दाखवायची ते ठरवायला, साईटचं मोबाईलवरचं रूपच बघतं, त्यामुळे डिझाईन मागवाल तेव्हा आधी फोनच्या स्क्रीनवरचं मागवा, लॅपटॉपवरचं नंतर.

दोन रस्ते आहेत. शॉपिफाय, म्हणजे भाड्याने मिळणारं तयार ऑनलाईन दुकान, सोपं पडतं, होस्टिंगची (साईट इंटरनेटवर ठेवायच्या जागेची) कटकट नाही, पण महिन्याचं भाडं आहे आणि त्यांचं स्वतःचं पेमेंट भारतात चालत नाही म्हणून बाहेरचा पेमेंट गेटवे (साईटवर गिऱ्हाईकाचे पैसे घेऊन आपल्या खात्यात टाकणारी सेवा) जोडला की ते वर आपलं कमिशन घेतात. दुसरा रस्ता वर्डप्रेस (साईट बनवायचं सॉफ्टवेअर) आणि त्याला जोडायचं दुकानाचं वूकॉमर्स, सॉफ्टवेअर फुकट, होस्टिंग आणि डोमेनचेच (साईटच्या पत्त्याच्या नावाचेच) पैसे, पण अपडेट आणि बॅकअप बघणारं कोणीतरी पाहिजे. घरात किंवा ओळखीत असा मुलगा-मुलगी असेल तर वूकॉमर्स, नसेल तर सरळ शॉपिफाय घ्या.

आणि एक गोष्ट कळकळीने सांगतो, डोमेन तुमच्या नावावर, तुमच्या ईमेलवर, तुमच्या कार्डवरून घ्या. होस्टिंगचं लॉगिन, पेमेंट गेटवेचं लॉगिन, सगळं तुमच्याकडे. एजन्सी "आम्ही करतो ना मॅडम" म्हणून स्वतःच्या नावावर डोमेन घेते आणि उद्या वाजलं की तुमचं दुकान त्यांच्या हातात. माझ्याकडे अशी अडकलेली माणसं येतात, तेव्हा नवीन नावाने पहिल्यापासून सुरू करण्याशिवाय फारसं काही करता येत नाही आणि बघून फार वाईट वाटतं.

फोटोंचं पण बघा. फोनचा एक फोटो चार-पाच एमबीचा असतो, असे आठ फोटो एका पानावर टाकले की एसटी स्टँडवर उभ्या माणसाच्या फोनमध्ये ते पान उघडतच नाही. वेबपी या फोटो हलका करणाऱ्या फॉरमॅटमध्ये दीडशे केबीच्या आत आणा. पान किती पटकन उघडतं ते मोजणारं गुगलचं पेजस्पीड इनसाइट्स फुकट आहे, त्यात मोबाईलचा टॅब उघडून बघायचं, मुख्य फोटो अडीच सेकंदाच्या आत दिसला पाहिजे. तुमची लिंक व्हॉट्सॲपवर फिरणार आहे, तर लिंक पाठवल्यावर खाली जो छोटा फोटो आणि नाव येतं ते प्रत्येक प्रॉडक्टचं नीट येतंय ना हे बनवणाऱ्याकडून करून घ्या, नाहीतर सगळीकडे नुसता लोगो दिसतो आणि कोणी दाबत नाही.

सोलापूरची_चादर

वरच्या दादांशी सहमत. मी चादरी आणि टॉवेल विकतो, स्वतःच्या साईटवरून. वेबसाईट हा सोपा भाग आहे ताई, पैसा जातो तो कुरिअरमध्ये.

कुरिअरवाले नुसतं वजन बघत नाहीत, खोक्याचं माप पण बघतात. लांबी, रुंदी, उंची सेंटीमीटरमध्ये गुणायची आणि ५००० ने भागायची, येईल ते किलो, आणि खरं वजन आणि हे यातलं जे जास्त त्याचे पैसे. म्हणजे ३० बाय २५ बाय २० चं खोकं झालं १५०००, भागिले ५०००, तीन किलो. आत दीड किलोच माल असला तरी बिल तीन किलोचं. म्हणून आधी खोक्यांचे दोन-तीन साईज ठरवा, मग त्यावर शिपिंगचे रेट ठरवा, मग साईटवर टाका. आगळीच्या बाटलीला तर झाकण सील, मग प्लास्टिकची पिशवी, मग बबल रॅप पाहिजेच, एक बाटली फुटली तर आतली सगळी फणसपोळी गेली.

कॅश ऑन डिलिव्हरी सुरुवातीला ठेवूच नका. लोक मागवतात आणि दार उघडत नाहीत, माल परत येतो आणि जाण्या-येण्याचं दोन्ही भाडं आपल्याला. खाण्याचा माल उन्हातून फिरून परत आला की पुन्हा विकता पण येत नाही. यूपीआय सगळ्यांकडे आहे आता.

पिनकोडचा बॉक्स प्रॉडक्टच्या पानावरच द्या, तिथे डिलिव्हरी होते का आणि किती दिवसात ते आधीच कळलं पाहिजे. जिथे कुरिअर जात नाही तिथे स्पीड पोस्ट.

इंदूरवासी_माहेर_मालवण

गिऱ्हाईक म्हणून सांगते. मी अशा साईटवरून नेहमी मागवते. दोन गोष्टींनी मी अर्ध्यातून परत जाते, एक म्हणजे शेवटच्या स्टेपला अचानक दीडशे रुपये शिपिंग दिसलं की, आणि दुसरं म्हणजे आधी अकाउंट बनवा, पासवर्ड ठेवा असं आलं की. नाव, मोबाईल, पत्ता, पैसे, बस्स. आणि आगळीत मीठ किती आहे, एका बाटलीत अंदाजे किती वाट्या सोलकढी होईल असं लिहा ना कोणीतरी! इथल्या माझ्या मैत्रिणींना आगळ आणि सरबत यातला फरकच माहीत नसतो, त्या आगळीत साखर शोधतात.

हिशोबनीस

कागदपत्रांचं थोडं लिहितो कारण पेमेंट गेटवे तिथेच अडवतो. साईटवर रिफंड आणि कॅन्सलेशन, शिपिंग, प्रायव्हसी, अटी आणि संपर्क ही पानं नसतील तर गेटवे अकाउंट चालू करत नाही. दुसऱ्याची कॉपी मारू नका, तुमचं खरं धोरण लिहा, उदा. बाटली फुटून आली तर फोटो पाठवल्यावर पैसे परत.

खाद्यपदार्थ आहे म्हणजे एफएसएसएआयचा (सरकारी अन्न सुरक्षा नोंदणीचा) १४ अंकी नंबर लेबलवर आणि साईटवर दोन्हीकडे. एमआरपी, निव्वळ वजन, बनवणाऱ्याचं नाव-पत्ता, तक्रारीसाठी फोन-ईमेल हे प्रॉडक्टच्या पानावर दिसलं पाहिजे. २०२० च्या ई-कॉमर्स नियमांप्रमाणे तक्रार निवारण अधिकाऱ्याचं नाव पण द्यावं लागतं, तक्रारीची पोच ४८ तासात आणि निकाल एका महिन्यात. अधिकारी म्हणजे बाहेरचा कोणी लागत नाही, तुम्ही स्वतः असू शकता.

जीएसटीत लोक इथे चुकतात: वर्षाची विक्री ४० लाखांच्या आत असेल तर नोंदणी लागत नाही म्हणून निवांत राहतात, पण ती सूट राज्यातल्या राज्यात विकलं तर. मसाल्यासारखा करपात्र माल इंदूरला पाठवला की पहिल्या पार्सलपासून नोंदणी लागते. ताजा आंबा करमुक्त आहे, त्याचा प्रश्न नाही. तुमच्या सीएला विचारून एकेका मालाचा दर आधी लिहून घ्या. गेटवेचं कमिशन साधारण २ टक्के आणि त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे हजाराला २३ रुपये ६० पैसे, ते किमतीत धरा.

वेंगुर्ल्याची_आगळवाली

किती मनापासून लिहिलंत सगळ्यांनी, खूप आभार! ॲप कॅन्सल. मीठ आणि वाट्यांचं आजच सासूबाईंकडून मोजून घेते. दोन शंका. एक, जुनी माणसं वेबसाईटवर जाणारच नाहीत, त्यांना व्हॉट्सॲपच पाहिजे, त्यांचं काय? आणि हापूसचा भाव रोज बदलतो, तो साईटवर ठेवायचा कसा?

कोडवाला_कोथरूड

व्हॉट्सॲप बंद करायचंच नाही ताई. व्हॉट्सॲप बिझनेसवर कॅटलॉग बनवा, फुकट आहे, आणि साईटवर खाली व्हॉट्सॲपचं बटण. फक्त जुन्या माणसांनी मेसेज केला की त्यांची ऑर्डर तुम्हीच साईटच्या मागच्या बाजूने, म्हणजे तुमच्या मालकाच्या लॉगिनमधून, टाका आणि पेमेंटची लिंक पाठवा, म्हणजे सगळा हिशोब एका जागी येईल आणि वही सुटेल.

सोलापूरची_चादर

हापूसचं माझे मेव्हणे देवगडला करतात ते सांगतो. भाव रोजचा ठेवत नाहीत, आठवड्याप्रमाणे बुकिंग घेतात. "एप्रिलचा दुसरा आठवडा, पाच डझन, एवढ्या पेट्या" असं वेगळं प्रॉडक्ट, स्टॉकचा आकडा टाकलेला, तेवढं संपलं की बटण आपोआप बंद. अक्षय्य तृतीयेच्या आठवड्याचा भाव वेगळा, तो आधीच जाहीर. पेटी तयार आंब्यांची नाही, पेंढ्यात ठेवून पिकवायची आहे हे पानावर मोठ्या अक्षरात लिहितात, नाहीतर दुसऱ्या दिवशी "आंबे हिरवे आले" म्हणून फोन. २०१८ ला हापूसला जीआय (ठराविक भागातल्या मालालाच ते नाव वापरायचा हक्क) मिळालंय, त्यात अधिकृत वापरकर्ता म्हणून तुमच्या बागेची नोंदणी असेल तर तो नंबर पण टाका, कर्नाटकचा आंबा हापूस म्हणून खपवतात त्यामुळे लोक विचारतात. आंब्याला डिलिव्हरीचे पिनकोड वेगळे आणि कमी ठेवा, जिथे दोन दिवसात पोचेल तेवढेच. बुकिंगचं पान फेब्रुवारीतच उघडा.