'डिझायरेबल'ला इष्ट म्हणावं का?

बाळीवेस: सोलापुरातल्या अभ्यासमंडळासाठी इंग्रज तत्त्वज्ञ जॉन स्टुअर्ट मिलच्या 'युटिलिटेरियनिझम'चं (उपयुक्ततावाद, 1861) चौथं प्रकरण मराठीत करतोय. देवाधर्माचा आधार न घेता नीतीला पाया देण्याचा प्रयत्न. युक्तिवाद असा: वस्तू 'व्हिजिबल' आहे याचा पुरावा एवढाच की लोकांना ती दिसते, 'ऑडिबल'चा, की ऐकू येते, तसंच सुख 'डिझायरेबल' आहे याचा, की लोक ते इच्छितात. 1903 मध्ये जी. ई. मूर या तत्त्वज्ञाने नेमकं इथे बोट ठेवलं: व्हिजिबल म्हणजे दिसू शकणारं, डिझायरेबल म्हणजे इच्छिण्याजोगं. मी 'दृश्य, श्रव्य, इष्ट' केलं. तपासणाऱ्याने 'इष्ट' खोडून 'वांछनीय' लिहिलंय. ठेवू काय?

दत्त चौक: 'इष्ट' नकोच. इष् (इच्छिणे) धातूचं क्तान्त, म्हणजे भूतकाळवाचक विशेषणाचं रूप, म्हणजे मुळात 'इच्छिलेलं'. पण मराठीत इष्ट म्हणजे हिताचं. आगरकरांच्या 'सुधारका'चा (1888) बाणा आठवा: इष्ट असेल ते बोलणार, साध्य असेल ते करणार. तिथे 'लोकांनी इच्छिलेलं' लावून बघा! लोकांना नको तेच तर ते बोलत होते. मिलला जे सिद्ध करायचंय ते 'इष्ट'मध्ये आधीच येऊन बसतं. मूरला भांडायला जागाच उरत नाही.

कन्ना चौक: वांछनीयही त्यातलंच. दर्शनीय म्हणजे दिसणारं नव्हे, बघण्यासारखं. पाणिनीने कृत्य प्रत्यय (-य, -अनीय वगैरे) 'अर्ह' म्हणजे 'योग्य' अर्थी सांगितलेत (3.3.169) आणि 'शक्य' अर्थीही (3.3.172). '-एबल'ची खोड ती हीच. ती जपा. वाचक आधी मिलबरोबर फसला पाहिजे, तरच मूर कळेल. म्हणून 'दृश्य, श्रव्य, काम्य'. तिन्ही कृत्यान्त, कानालाही जुळतात.

दत्त चौक: काम्य म्हटलं की काम्य कर्म, फळाच्या इच्छेने केलेलं. गीतेत 18.2 ला ते टाकायला सांगितलंय. शोभेल का?

जुळे सोलापूर: संस्कृतच्या कपाटातून बाहेर या हो. 'चहा पाहिजे' ही इच्छा, 'खरं बोललं पाहिजे' हे कर्तव्य, शब्द एकच. कन्नडातही तेच: 'चहा बेकु' (पाहिजे), 'हेळबेकु' (सांगितलं पाहिजे). मिल मंगळवार पेठेत जन्मला असता तर मूरला कुणी विचारलं नसतं.

बाळीवेस: विचारलं असतं. 'मला चहा पाहिजे, पण मी तो पिता कामा नये' हे मधुमेह्याचं वाक्य बिनविरोध कळतं. शब्द एक असला तरी अर्थ दोनच. इच्छेच्या 'पाहिजे'मागे नाम येतं, कर्तव्याच्या 'पाहिजे'मागे क्रियापद.

अक्कलकोट रोड: 'पाहिजे' हे 'पाहणे'वरूनच ना? जे दिसतं ते हवंसं वाटतं. मिलचं दृश्य-काम्य आपल्याकडे व्युत्पत्तीतच आहे.

कन्ना चौक: ओढाताण आहे. ते '-इजे' जुनं कर्मणी रूप. 'म्हणिजे' म्हणजे 'म्हटलं जातं', त्याचंच आपलं 'म्हणजे' झालं. तसं पाहिजे म्हणजे 'पाहिलं जातं', वाट पाहण्यातलं, शोधण्यातलं पाहणं. नजरेला पडणं नव्हे. हिंदी 'चाहिए'ची घडणही तशीच.

दत्त चौक: त्याहून मोठी चूक तुमच्या प्रकरणाच्या मथळ्यात आहे. 'प्रूफ'ला 'सिद्धता' लिहिलंत की वाचकाला भूमिती आठवते: पक्ष, साध्य, सिद्धता. मिल पहिल्याच प्रकरणात सांगतो की अंतिम साध्यांची थेट सिद्धता होत नाही, बुद्धीला पटतील अशी कारणं देता येतात. एव्हरेट हॉल या तत्त्वज्ञाने 1949 मध्ये याच मुद्द्यावर मिलची बाजू घेतली. 'समर्थन' लिहा, मूरचा अर्धा जोर तिथेच ओसरतो. खरी भेग पुढच्या पायरीला आहे: प्रत्येकाचं सुख ज्याला-त्याला चांगलं, म्हणून सर्वांचं सुख सर्वांना चांगलं. तिथला 'म्हणून' खुद्द उपयुक्ततावादी सिजविकलाही खटकला होता. त्याला कुठला प्रत्यय लावणार?

बाळीवेस: आणि 'सेक्युलर' नीतीला काय म्हणू? सध्या 'धर्मनिरपेक्ष नीती' आहे.

जुळे सोलापूर: धर्म म्हणजे कर्तव्यही. कर्तव्यनिरपेक्ष नीती कसली? 'इहवादी' करा. संविधानाच्या हिंदी उद्देशिकेत 'पंथनिरपेक्ष' घातलंय ते उगाच नाही.

अक्कलकोट रोड: मराठी उद्देशिकेत 'धर्मनिरपेक्ष'च आहे, आणि लोकांच्या तोंडी तेच. इहवादी म्हटलं तर चौकात चार्वाक समजतील. बाकी 'बेकु'चं कौतुक चाललंय, पण सोलापूरच्या पूर्व भागात तेलुगूत विचारा: चहा 'कावाली' (पाहिजे), खरं 'चेप्पाली' (बोललं पाहिजे). शब्दच दोन, तिकडे मूर घरबसल्या जिंकतो.

जुळे सोलापूर: तो '-आली' दोन्हीकडे सारखाच आहे की!